टीव्हीचा निव्वळ मॉनिटर करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ताई घरून भाषांतराचे काम करतात. घरातला ४३ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही आता फारसा कोणी पाहत नाही, म्हणून त्यांनी तो लॅपटॉपला एचडीएमआय केबलने जोडला. अक्षरे पुसट दिसतात, टास्कबारची खालची कड कापली जाते आणि माउसचा बाण हाताच्या मागून रेंगाळत येतो. शिवाय टीव्हीच्या स्मार्ट सुविधांशी त्यांना काहीही कर्तव्य नाही. टीव्हीने इंटरनेटला हात न लावता फक्त लॅपटॉपचे चित्र दाखवावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. हे जमेल, की सरळ नवा मॉनिटर घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

हे जमते, आणि आपण सांगितलेल्या आकाराच्या टीव्हीवर तर फार चांगले जमते. गेली अनेक वर्षे मी लहान कार्यालयांत आणि घरांत संगणक बसवून देण्याचे काम करतो, आणि टीव्ही मॉनिटर म्हणून वापरल्यावर आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी टीव्ही न बदलता सुटलेल्या मी पाहिल्या आहेत. कारण टीव्ही आणि मॉनिटर यांतला मुख्य फरक काचेमागच्या पॅनेलमध्ये नसतो. तो पॅनेलपर्यंत चित्र पोहोचण्याआधी त्यावर जे संस्कार होतात, त्यांत असतो. मॉनिटर आलेला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक बारीक ठिपका, जसाच्या तसा दाखवतो. टीव्ही मात्र आलेले चित्र म्हणजे सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना आहे असे गृहीत धरून ते ताणतो, गुळगुळीत करतो, कडा ठळक करतो, रंग भडक करतो आणि मग दाखवतो. सिनेमाला हे मानवते, अक्षरांना मानवत नाही. तेव्हा पुढे जे काही सांगणार आहे, ते सारे हे संस्कार एकेक करून बंद करण्याविषयीच आहे.

त्याआधी आकाराचा हिशेब करून घ्यावा, कारण तो चुकला असेल तर पुढच्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, अर्थात सुमारे ८३ लाख पिक्सेल. ४३ इंची पडद्यावर ते पसरले की दर इंचाला साधारण १०२ पिक्सेल पडतात. नेहमीच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर हा आकडा ९२ च्या आसपास असतो, म्हणजे आपला टीव्ही त्या मॉनिटरपेक्षा किंचित अधिकच बारीक विणीचा आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, साडेएकवीस इंची चार फुल एचडी मॉनिटर मधल्या चौकटी काढून एकमेकांना चिकटवले, तर जे मिळेल तेच ४३ इंची फोर-के टीव्हीवर मिळते. मूळ मजकूर एका बाजूला, भाषांतर दुसऱ्या बाजूला आणि शब्दकोश मध्ये किंवा खाली, अशी मांडणी करणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा स्वस्तात मिळणे कठीण आहे.

याउलट, अजूनही सर्रास विकला जाणारा ३२ इंची एचडी रेडी टीव्ही घेतला, तर त्याचे पॅनेल बहुधा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे असते आणि दर इंचाला ४९ पिक्सेलच पडतात. त्यावर देवनागरी वाचणे जिकिरीचे होते, कारण आपल्या लिपीत अर्थ ठरवणारे कितीतरी भाग अगदी बारीक असतात. अनुस्वार, रफार, उकाराची शेपटी, ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ, हे सारे दोन-तीन पिक्सेलांत मावायचे असते. तो टीव्ही स्वतःला फुल एचडी म्हणवून घेत लॅपटॉपकडून १९२० गुणिले १०८० चे चित्र स्वीकारतो आणि मग ते दाबून आपल्या कमी पिक्सेलांत बसवतो, त्यामुळे अक्षरे आणखी चुरगळतात. असा टीव्ही कोणी वापरणारच असेल, तर संगणकाचे रिझोल्यूशन १३६६ किंवा १३६० गुणिले ७६८ वर आणावे, म्हणजे निदान दाबादाबी तरी थांबते. पण दिवसभराच्या लेखनकामासाठी मी तो सुचवणार नाही. ५५ इंची फोर-के टीव्हीवर दर इंचाला ८० पिक्सेल पडतात. टेबलापासून सव्वा मीटरभर मागे भिंतीवर लावता येत असेल तरच तो चालतो.

अंतराचा मुद्दा ४३ इंचीलाही लागू आहे. हा पडदा जवळजवळ ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडची संगणकाची टेबले साधारणपणे ६० सेंटिमीटर खोल असतात, आणि टीव्ही त्यांवर पायांसकट ठेवला तर डोळे पडद्यापासून दोन वीत अंतरावर येतात. मग कोपरे पाहण्यासाठी सतत मान वळवावी लागते. डोळे आणि पडदा यांत ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर हवे. त्यासाठी टीव्ही टेबलामागच्या भिंतीवर लावणे उत्तम, आणि लावताना दिवाणखान्यातल्यासारखा उंच न लावता त्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकेल इतका खाली घ्यावा. वरची कड डोळ्यांच्या फार वर गेली की संध्याकाळपर्यंत मान धरते. मी स्वतः असे बसवून देताना रोजच्या कामाची खिडकी पडद्याच्या खालच्या दोन तृतीयांश भागात ठेवायला सांगतो आणि वरची पट्टी क्वचित पाहण्याच्या गोष्टींना सोडतो.

आता तक्रारींकडे वळू. माउस रेंगाळण्याची कारणे दोन असतात आणि ती वेगवेगळी तपासावी लागतात. पहिले कारण म्हणजे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत असणे. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पूर्ण रंगांत जाऊ शकते, कारण तिची वहनक्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट आहे. २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीत ती १८ गिगाबिट झाली आणि फोर-के ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, शक्य झाले. टीव्ही नवा असला तरी लॅपटॉपचे पोर्ट जुन्या आवृत्तीचे असेल, तर साखळी त्या जुन्या कडीइतकीच चालते. अनेक लॅपटॉपमध्ये असे आढळते की अंगचे एचडीएमआय पोर्ट ३० हर्ट्झला अडकते, पण यूएसबी-सी पोर्टातून, ६० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेला ॲडॅप्टर लावून, पूर्ण वेग मिळतो. मात्र त्यासाठी त्या यूएसबी-सी पोर्टाने चित्र बाहेर पाठवणे आवश्यक आहे, सगळी तशी पोर्टे ते करत नाहीत. केबलही तपासावी. सेटटॉप बॉक्ससोबत मिळालेली पातळ केबल बहुधा जुन्या गरजेपुरतीच असते. वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ हे प्रमाणचिन्ह असलेली दोन मीटरपर्यंतची केबल पुरते. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड पानावर चालू रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, लिहिलेला असतो. तिथे ३० दिसला, तर रेंगाळण्याचे अर्धे उत्तर मिळाले असे समजावे.

दुसरे कारण टीव्हीच्या आतले आहे. संस्कार करायला टीव्हीला वेळ लागतो, आणि काही टीव्हींत ते सगळे चालू असताना हा विलंब सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातो. डोळ्यांनी पाहताना तो कळत नाही, हाताने माउस हलवताना लगेच कळतो. टीव्हीच्या मेनूतला गेम मोड किंवा पीसी मोड लावला की बहुतेक संस्कार वगळले जातात आणि विलंब काही मिलिसेकंदांवर येतो. आपण काही खेळ खेळणार नसाल, तरी ‘गेम’ या नावाला बिचकू नये.

अक्षरे पुसट होण्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण याच एका गोष्टीपायी अनेकांनी ‘टीव्ही मॉनिटर म्हणून चालतच नाही’ असा निष्कर्ष काढून तो परत भिंतीवर टांगलेला मी पाहिला आहे.

चित्राच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन प्रकारची माहिती असते: तो किती उजळ आहे आणि त्याचा रंग कोणता आहे. माणसाचा डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला बारीक फरक त्या मानाने टिपत नाही. याचा फायदा घेऊन प्रसारणात आणि चित्रफितींत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र ठेवतात, पण रंगाची माहिती शेजारच्या चार पिक्सेलांना मिळून एकच देतात. याला ४:२:० म्हणतात. दोन पिक्सेलांना मिळून एक रंग दिला तर ४:२:२, आणि प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा रंग मिळाला तर ४:४:४. घरी पाहायला मिळणारे जवळजवळ सगळे सिनेमे आणि मालिका मुळात ४:२:० मध्येच साठवलेल्या असतात, त्यामुळे टीव्हीने रंग असा वाटून टाकला तरी त्यांचे काही बिघडत नाही. अक्षराची रेघ मात्र एक-दोन पिक्सेल जाडीची असते. तिचा रंग शेजारच्या पार्श्वभूमीत मिसळला की रेघ फिसकटते.

काही वर्षांपूर्वी एका हिशेबनिसांच्या कार्यालयात मी हे जवळून पाहिले. त्यांनी हौसेने ४३ इंची टीव्ही लावला होता आणि महिन्याभरात डोळे दुखू लागले म्हणून चष्म्याचा नंबरही तपासून घेतला होता. नंबर बदललेला नव्हता. काळ्या अक्षरांतला मजकूर ठीक दिसत होता, पण ताळ्यातल्या उणे रकमा लाल अक्षरांत होत्या आणि त्या लाल रकमांत इंग्रजी तीन आणि आठ हे आकडे वेगळे ओळखू येत नव्हते. आठाची डावी बाजू गुलाबी धुक्यात विरून गेली होती. पडद्याजवळ भिंग धरले तेव्हा लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी किनार स्पष्ट दिसली. टीव्हीच्या मेनूत जाऊन त्या एचडीएमआय प्रवेशाचे (इनपुटचे) चिन्ह ‘पीसी’ केले, चित्र क्षणभर काळे झाले, परत आले, आणि तोच आठ कोरल्यासारखा दिसू लागला. एकही पैसा खर्च झाला नाही.

ही तपासणी आपण घरी दोन मिनिटांत करू शकता. पेंटमध्ये गडद निळी पार्श्वभूमी भरा आणि तिच्यावर लाल रंगात लहान आकाराची अक्षरे लिहा, शेजारी पांढऱ्यावर काळी तीच अक्षरे लिहा. काळी नीट आणि लाल-निळी चिखलासारखी दिसत असतील, तर रंग वाटला जात आहे. काळीसुद्धा पुसट असतील, तर दोष दुसरा आहे आणि तो चित्र ताणले जाण्याचा आहे, ज्याकडे मी पुढे येतो.

रंग कापला जाण्याची जागा दोन ठिकाणी असू शकते. एक म्हणजे लॅपटॉपच कमी रंग पाठवत असतो. बऱ्याच टीव्हींत एचडीएमआय पोर्टाची पूर्ण क्षमता कंपनीने बंद ठेवलेली असते आणि ती मेनूतून उघडावी लागते; सॅमसंगमध्ये तिचे नाव ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘डीप कलर’ आणि सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ असे काहीसे असते. काही टीव्हींत सगळ्या पोर्टांपैकी एक-दोनच पूर्ण क्षमतेची असतात, म्हणून पोर्टाशेजारी छापलेली बारीक अक्षरेही वाचावीत. हे झाल्यावर लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडावे. एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारी सोय) चालू केले असेल तर ते कामाच्या वेळी बंद ठेवावे, कारण फोर-के ६० हर्ट्झचे ८ बिटांचे पूर्ण रंगीत चित्र १८ गिगाबिटांत जेमतेम मावते. एचडीआरसाठी १० बिट मागितले की ते मावत नाही आणि संगणक न विचारता रंग ४:२:२ वर उतरवतो.

दुसरी जागा टीव्हीच्या आत असते. संगणकाने पूर्ण रंग पाठवला, टीव्हीने तो स्वीकारलाही, तरी आतल्या संस्कारांच्या सोयीसाठी तो पुन्हा कापला जातो. इथे पीसी मोड कामाला येतो. सॅमसंग आणि एलजी यांच्या बऱ्याच मॉडेलांत प्रवेशांच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचे नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ असे बदलावे लागते. वरवर हे केवळ नाव बदलणे वाटते, पण टीव्ही ते नाव वाचून आपली आतली वाट बदलतो. सोनीमध्ये चित्राच्या प्रकारांत ‘ग्राफिक्स’ निवडावे लागते. काही स्वस्त मॉडेलांत अशी वाटच ठेवलेली नसते. तिथे गेम मोड लावून पाहावा, आणि तरीही लाल अक्षरे फिसकटलेलीच राहिली तर तो टीव्ही मजकुराच्या कामाचा नाही हे मान्य करावे. म्हणूनच नवा टीव्ही या कामासाठी घेणार असाल, तर दुकानात आपला लॅपटॉप आणि केबल घेऊन जा आणि लाल-निळी चाचणी तिथेच करून पाहा. विक्रेत्याच्या सांगण्यावर किंवा खोक्यावरच्या शब्दांवर हा निर्णय सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

टास्कबारची कड कापली जाते, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा सरळ येत नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून त्या कडा चौकटीमागे लपवण्याची पद्धत पडली, आणि प्रसारणवालेही महत्त्वाचा मजकूर कडांपासून आत ठेवत. सपाट पॅनेलला याची काही गरज नाही, तरी सवय मागे राहिली. लोकांना वाटते की यात फक्त काठाचे थोडे नुकसान होते. खरे नुकसान संपूर्ण पडद्यावर होते: चित्र दोन-चार टक्के मोठे केले की संगणकाचा एक पिक्सेल टीव्हीच्या एका पिक्सेलवर बसतच नाही, तो शेजारच्यांत वाटला जातो आणि मधली अक्षरेही पुसट होतात. त्यामुळे लॅपटॉपच्या बाजूने चित्र आकसून टास्कबार दिसता करण्याचा उपाय करू नये. त्यात आधी आकसणे आणि मग ताणणे असा दुहेरी मार बसतो. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’, ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘ओरिजिनल’ यांपैकी जे नाव असेल ते निवडावे. विंडोजमध्ये रिझोल्यूशन ३८४० गुणिले २१६० च ठेवावे आणि अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी न करता स्केल १२५ टक्के करावे.

काळ्या-पांढऱ्याची पातळी हा त्यानंतरचा मुद्दा. संगणक काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ समजतो, तर प्रसारणाच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. दोघांनी वेगवेगळा हिशेब धरला की एक तर सगळे चित्र राख फासल्यासारखे दिसते, किंवा उलट गडद छटा काळ्यात आणि फिकट छटा पांढऱ्यात बुडतात. तक्त्यातल्या एकाआड एक ओळींना दिलेली अगदी फिकट राखाडी छटा अजिबात दिसत नसेल, तर हाच दोष समजावा. लॅपटॉपात एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ पूर्ण ठेवावी, आणि तिथल्या रिझोल्यूशनच्या यादीत टीव्हीच्या नावाखाली दिलेल्या आकड्यांऐवजी ‘पीसी’ या गटातला आकडा निवडावा. टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ त्याच्याशी जुळेल अशी ठेवावी. दोन्हीकडे ‘ऑटो’ असताना बहुधा जुळते, पण नेहमीच नाही.

बाकीचे संस्कार पटापट बंद करता येतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आसपासच्या उजेडानुसार आपोआप कमी-जास्त होणारी प्रखरता, लोकल डिमिंग, हे सारे बंद. शार्पनेसविषयी मात्र सावध राहावे. ती वाढवली की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते आणि पहिल्या क्षणी अक्षर ठसठशीत झाल्याचा भास होतो, पण तासाभराने तीच कड डोळ्यांना टोचते. बऱ्याच टीव्हींत तिची तटस्थ जागा शून्यावर असते, सोनीत मात्र ती मध्यावर, म्हणजे ५० वर असते. काळ्या अक्षराकडे निरखून पाहत ती कड नाहीशी होईल तिथे थांबावे. बॅकलाइटही बराच खाली आणावा. टीव्हीचा उजेड तीन मीटरवरून पाहण्यासाठी योजलेला असतो आणि आपण तो हातभर अंतरावरून पाहणार आहात. पांढरे पान खोलीतल्या खऱ्या कागदाइतकेच उजळ दिसावे, ही मी वापरतो ती खूण आहे. एवढे करूनही अक्षरांच्या उभ्या रेघांना रंगीत किनार दिसलीच, तर पॅनेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा क्रम उलटा असण्याची शक्यता आहे; काही टीव्हींत तो तसा असतो. विंडोजच्या शोधपट्टीत क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा पडद्याला जुळवून देणारी सोय) शोधून ती जुळवणी एकदा पूर्ण करावी. ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो असा) टीव्ही मात्र दिवसभराच्या कामाला मी लावत नाही, कारण टास्कबारसारखी एका जागी स्थिर राहणारी चित्रे त्यावर कालांतराने कायमची छाप सोडू शकतात.

आता स्मार्ट सुविधांविषयी. ४३ इंच आणि त्यापुढच्या फोर-के टीव्हींत बिनस्मार्ट मॉडेल आता जवळजवळ मिळत नाही, आणि दुकाने-कार्यालयांसाठी बनवलेले व्यावसायिक डिस्प्ले त्या मानाने महाग पडतात. पण स्मार्ट टीव्ही इंटरनेटपासून तोडला की तो साधाच होतो, आणि तो तोडावा असे मी आग्रहाने सांगतो. कारण केवळ जाहिरातींचे नाही. अनेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावर काय चालू आहे ते ओळखणारी सोय असते. ती पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने प्रेक्षकांच्या संमतीशिवाय सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींतून अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१७ साली २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. आणि ही सोय फक्त टीव्हीच्या स्वतःच्या ॲपपुरती नसते, एचडीएमआयने जोडलेल्या संगणकाच्या चित्रावरही ती चालू शकते. आपल्या पडद्यावर लोकांची विश्वासाने दिलेली कागदपत्रे असतात. तेव्हा ही खबरदारी आपल्या कामाचाच भाग आहे असे मी मानतो.

आधी वाय-फायला जोडलेल्या टीव्हीवर नुसते वाय-फाय बंद न करता संपूर्ण फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे जुना पासवर्ड आणि आधी दिलेल्या संमती दोन्ही जातात. पुन्हा सुरू होताना नेटवर्कचा टप्पा वगळावा आणि ऐच्छिक संमतीच्या चौकटींवर खूण करू नये. गूगल टीव्ही असेल तर सुरुवातीलाच ‘बेसिक टीव्ही’ हा पर्याय मिळतो, तोच घ्यावा. संगणकाला इंटरनेट असेल तर ते एचडीएमआयमधून टीव्हीला मिळेल का, असे मला पुष्कळदा विचारतात. नेहमीच्या संगणकांच्या आणि लॅपटॉपच्या पोर्टांतून तसे मिळत नाही. पुढे एखादा दोष दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर टीव्हीत घालायची वेळ आली, तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावरून ते पेनड्राइव्हवर उतरवून टीव्हीला देता येते.

एक गैरसोय मात्र सोसावी लागेल. मॉनिटर संगणकाबरोबर झोपतो आणि जागा होतो, टीव्ही तसे करत नाही. लॅपटॉपने चित्र थांबवले की टीव्ही ‘सिग्नल नाही’ असे दाखवत बसतो किंवा आपल्या मुख्य पानावर जातो, आणि रिमोटने परत आणावा लागतो, कारण टीव्हीला एचडीएमआयमधून चालू-बंद करणारी सोय बहुतेक ग्राफिक्स कार्डांत नसते. यावर उपाय म्हणून मेनूत ‘चालू होताना शेवटचा प्रवेश’ हा पर्याय असेल तर तो निवडावा, सिग्नल नसताना आपोआप बंद होण्याची वेळ पाच-दहा मिनिटे ठेवावी आणि चार तास रिमोटला हात न लावल्यास टीव्ही बंद करणारी वीजबचतीची सोय काढून टाकावी, नाहीतर ऐन मुदतीच्या दिवशी कामाच्या मध्यात पडदा काळा होतो.

नवा मॉनिटर घ्यावा का, याचे उत्तर यातूनच निघते. लॅपटॉपमधून फोर-के ६० हर्ट्झ मिळत असेल आणि लाल-निळ्या चाचणीत अक्षरे स्वच्छ उतरत असतील, तर आपल्याला मॉनिटरची गरज नाही. यांपैकी कोणतीही एक गोष्ट जमली नाही, तर २७ इंची क्यूएचडी (२५६० गुणिले १४४० पिक्सेलचा) मॉनिटर घ्यावा. त्याची वीण दर इंचाला १०९ पिक्सेल आहे आणि जुन्या लॅपटॉपचे पोर्टही त्याला बहुधा पुरते. फक्त खरेदीपूर्वी आपल्या पोर्टातून २५६० गुणिले १४४० बाहेर पडते याची खात्री करून घ्यावी.

शेवटी जोडणीविषयी, कारण जळलेली एचडीएमआय पोर्टे माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स यांची पिन बहुधा दोन टोकांची असते, डेस्कटॉपची तीन टोकांची, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत तिसऱ्या टोकाला अर्थिंग नावालाच असते. अशा वेळी दोन उपकरणांच्या धातूच्या भागांत विजेचा फरक साठतो. कॅबिनेटला किंवा पोर्टाच्या कडेला हात लागल्यावर मुंग्या येतात त्या याच. चालू स्थितीत केबल खुपसली तर तो फरक पोर्टाच्या आतल्या नाजूक चिपमधून वाट काढतो. छपरावरून येणारी केबल टीव्हीची किंवा डिशची जाड तारही विजांच्या दिवसांत तोच धोका घरात आणते. टीव्ही आता केवळ मॉनिटर असेल, तर ती तार कायमची काढून ठेवावी, लॅपटॉप आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावेत, त्या बोर्डाचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि केबल लावताना आधी दोन्हींच्या पिना बाहेर काढून, मग केबल बसवून, त्यानंतरच बटणे चालू करावीत.